कोरणी टाकू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल काल रात्री वाचला, जपानला जायच्या अर्जासोबत जोडलेलं दोन पानी निवेदन पण वाचलं. पहिलं पान ठीक आहे. दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस की पारंपरिक मूर्तिकामाच्या चौकटीतून मुक्त होऊन मला आधुनिक शिल्पकलेकडे जायचं आहे आणि म्हणून जपान. ते वाचलं आणि लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ते वाक्य काढ. आधी काढ आणि मग पुढचं वाच. तुझ्या बाबांना ते कळलं तर काय वाटेल हा मुद्दा नंतरचा, आधी हे बघ की ज्या देशात जायला निघालीस तिथल्या शिल्पकलेबद्दलच ते वाक्य चूक आहे.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसत नाही. पेणच्या कारखान्यात वाढलीस, सातवीत असताना सोंडेची वळणं कोरणीने साफ करत होतीस, हे तूच सांगितलंयस मला. पहिल्या वर्षाला वर्गात बाकीची पोरं मातीला घाबरत होती आणि तुझी बोटं आपोआप चालत होती, ते मी बघितलंय. आता तीच मुलगी लिहिते की मला यातून मुक्त व्हायचंय.

जपानचं ऐक आता. 1868 नंतर मेजी सरकारने शिंतो हा तिथला मूळ धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे करायचं ठरवलं आणि त्याच्या लाटेत देवळंच्या देवळं फोडली गेली, बुद्धाच्या मूर्ती जाळल्या, विकल्या. पिढ्यानपिढ्या मूर्ती घडवणाऱ्या लोकांची कामं बंद पडली. त्यांच्यातच तयार झालेला एक तरुण कारागीर होता, ताकामुरा कोउन. एका देवळातल्या कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, शंभर मूर्ती भंगारात निघाल्या होत्या, त्या जाळून वरचं सोनं काढून घ्यायचं होतं. हा आणि त्याचा गुरू धावत गेले आणि त्यातल्या पाच मूर्ती वाचवून आणल्या, त्यातली एक त्याने जन्मभर स्वतःजवळ ठेवली. घरात खायची मारामार असताना. त्या काळात परदेशी गिऱ्हाईक हस्तिदंत मागत होतं, बरेच जण तिकडे वळले, हा मात्र लाकूड सोडेना.

मधे 1876 मध्ये सरकारने टोकियोत कलाशाळा काढली आणि इटलीतल्या पालेर्मोचा विन्चेन्झो रागुझा तिथे माती, प्लास्टर, साचे हे सगळं शिकवायला आला. 1883 मध्ये ती शाळा बंद. मग वारं उलटं फिरलं, आपलं तेच खरं म्हणणारे ओकाकुरा तेनशिन वगैरे पुढे आले, आणि 1889 मध्ये टोकियोची नवी कलाशाळा सुरू झाली तेव्हा शिल्पाच्या विभागात फक्त लाकडाचं कोरीवकाम! शिकवायला कोण, तर हाच कोउन. पदवी नाही, काही नाही. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात त्याचं लाकडात कोरलेलं म्हातारं माकड गेलं, फोटो बघितलायस तू, गरुड नुकताच हातून निसटलाय आणि मुठीत पिसं राहिलीयत. त्याच्या थोडंच आधी त्याची थोरली मुलगी गेली होती. त्या माकडाच्या चेहऱ्यावरची आग कुठून आली ते मी तुला समजावत नाही.

आणि टोकियोच्या उएनो बागेतला सायगो या सामुराई सेनानीचा पुतळा, 1898 चा, कुत्र्यासकट उभा आहे तो. ब्राँझचा आहे ना? पण ओतकामाआधी तो आख्खा लाकडात कोरला होता. ब्राँझ पुतळा ही पाश्चात्त्य गोष्ट, पण या माणसाने ती आपल्या हत्याराने करून दाखवली. आता सांग, यात परंपरा कुठे संपली आणि आधुनिक कुठे सुरू झालं? म्हणून म्हणतो, कोरणी टाकू नकोस.

तू म्हणशील सर, पण खरी आधुनिक शिल्पकला फ्रान्सच्या रोदॉंपासून आली, जपानात ओगिवारा मोरिएपासून. मान्य. तो 1901 मध्ये न्यूयॉर्कला गेला चित्रकला शिकायला, 1904 मध्ये पॅरिसमध्ये रोदॉंचा विचारमग्न माणूस हा पुतळा बघितला आणि ब्रश ठेवून दिला. 1908 मध्ये परत आला, 1910 मध्ये गेला, तिशीत. त्याची शेवटची ती गुडघ्यावर बसलेली बाई, हात पाठीमागे, मान वर, सगळं अंग पिळवटून उठायला बघतंय आणि उठता येत नाहीये. (तो गेला ते शिंजुकूच्या ज्या नाकामुराया बेकरीवाल्यांच्या घरी, त्यांनीच पाच वर्षांनी आपल्या रासबिहारी बोसांना लपवलं. हे निवेदनात घालू नकोस, पण गेलीस की तिथे जाऊन ये.) ओगिवाराच्या मागे वडिलांचं हत्यार नव्हतं. त्याला कुठूनतरी सुरुवात करायलाच लागणार होती, त्याने रोदॉंपासून केली. तुझं तसं नाही ना. तुझ्याकडे आहे ते सोडून तू त्याची नक्कल का करतेस?

तुझा माणूस वेगळा आहे. कोउनचा मुलगा, कोतारो. बापाकडे लहानपणापासून कोरीवकाम शिकला, मग न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, आणि 1909 मध्ये परत आला तो बापाशी भांडायलाच. बापाने सुचवलं की आपण पुतळे करायची कंपनी काढू, तर हा हादरला. 1910 मध्ये लेख लिहिला, कोणी सूर्य हिरवा रंगवला तरी माझी हरकत नाही, कलावंताला पूर्ण स्वातंत्र्य हवं. रोदॉंची वचनं जपानी भाषेत आणून 1916 मध्ये पुस्तक काढलं, त्यावर एक आख्खी पिढी वाढली. म्हणजे तू जे वाक्य लिहिलंस ना, त्याचा बाप होता हा माणूस.

आणि मग 1924 च्या आसपास त्याने काय केलं? लाकूड घेतलं. बापाने शिकवलेलं तेच. तळहातावर मावतील असे जीव कोरले, मागूर माशासारखा एक मासा, एक सिकाडा, तो उन्हाळ्यात झाडावर दिवसभर किर्र करतो ना तो किडा. सिकाडाच्या पंखांबद्दल त्याने लिहून ठेवलंय, आणि हे मी वर्गात दहा वेळा सांगितलं असेल, की पंख पातळ आहेत म्हणून लाकूडही पातळ कोरलं तर शिल्प मरतं. लाकूड जाड ठेवूनच पातळपणा जाणवला पाहिजे. फोटो मोठा करून बघ, पंखांच्या कडा किती जाड आहेत, तरी वाटतं आता उडेल. ही अक्कल रोदॉंकडून आली की बापाकडून? दोन्हीकडून आली. पण हातात सुरी नसती तर नुसत्या रोदॉंने काही झालं नसतं. तुझे बाबा गणपतीच्या कानाची पाळी मुद्दाम जाड ठेवतात आणि तरी ती दुरून हलकी दिसते, कधी विचारलंयस त्यांना का? विचार. कोरणी टाकू नकोस.

मी टाकली. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. माझे वडील देवळांचं लाकडी कोरीवकाम करायचे, खांब, तुळया, देव्हारे. डिप्लोमा करून घरी गेलो आणि त्यांना सांगितलं की हे सगळं नक्षीकाम आहे, यात शिल्प नाही. ते काही बोलले नाहीत, पटाशीला धार लावत बसले. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी, बारा पटाश्या, वाकस, किकरं, मोगरी, मी भंगारवाल्याला सहाशे रुपयांत दिली. शिसवाच्या मुठी होत्या, त्यांनीच केलेल्या, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. कोउन भंगारातून मूर्ती वाचवायला धावत गेला, आणि मी घरातलं भंगारात घातलं. तेव्हा मला कोउन माहीत नव्हता, पण हे काही उत्तर झालं नाही.

नंतर पस्तीस वर्षं मी अर्धपुतळे केले, फायबरमधे, ब्राँझमधे. समिती यायची, छाती अजून भरदार करा म्हणायची, मी करायचो. यात मला लाज वाटत नाही, हेही लिहून ठेवतो. त्यावर घर चाललं, दोन मुली शिकल्या, आठ माणसांचे पगार एकदाही चुकवले नाहीत. पुतळ्यांना नावं ठेवणारे माझ्याच वर्गातले मित्र, त्यांच्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत मातीला हात लावला ते मला माहितीये. मी रोज लावला. पण लाकडाकडे परत जायचं म्हटलं तेव्हा हात विसरले होते. कोतारोचे विसरले नव्हते, एवढाच फरक.

त्याचंही सगळं नीट झालं असं समजू नकोस. युद्धात त्याने युद्धाची भलामण करणाऱ्या कविता लिहिल्या, 1945 च्या एप्रिलमध्ये बॉम्बहल्ल्यात स्टुडिओ जळला, आणि मग हानामाकीजवळ एका झोपडीत सात वर्षं एकटा राहिला, शिल्प करायचं नाही ही शिक्षा स्वतःला देऊन. माणसाला चुकीची किंमत मोजायची असेल तर आपल्याला सर्वात प्रिय ते बाजूला ठेवावं लागतं, हे त्याला कळलं होतं. नंतर तोवादा तलावाकाठच्या दोन बायका केल्या, 1953 मध्ये, ते शेवटचं मोठं काम.

तुझा दुसरा प्रश्न, थ्रीडी स्कॅनिंग शिकू का. शीक की. हिराकुशी देन्चू या लाकडाच्या शिल्पकाराने आधी माती, मग प्लास्टर आणि मग बिंदू मोजून लाकडात उतरवायची पद्धत वापरली, तेही यंत्रच. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातला नट ओनोए किकुगोरो, त्याच्या सिंहनाचाचं शिल्प त्याने 1936 मध्ये हातात घेतलं आणि 1958 मध्ये संपवलं, तोवर तो नट जाऊन नऊ वर्षं झाली होती. वर रंगही दिला. शंभरी गाठल्यावर त्याने पुढच्या कित्येक वर्षांच्या कामाला पुरेल एवढं लाकूड घेऊन ठेवलं होतं, गेला 107 व्या वर्षी. यंत्राने तो बिघडला नाही कारण शेवटचा हात त्याचाच होता. तू आधी स्कॅनर आणि मग हात असं करायला बघतेस, तिथे माझी हरकत आहे.

तर त्या वाक्याच्या जागी हे लिही: मी पेणच्या मूर्तिकारांच्या घरची आहे, शाडूत काम करते, कोतारोचं लाकूडकाम मला जवळून बघायचं आहे. बस. अर्जांतून निवड करणारी माणसं मूर्ख नसतात. आणि बाबांना आजच सांग, अर्जाचा निकाल लागायची वाट बघू नकोस. ते चिडतील, पण चतुर्थीच्या आधी मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला तू नसशील हे त्यांना ऐनवेळी कळलं तर जास्त लागेल.

एक काम माझंही कर. नागासाकीला निशिझाका टेकडीवर फुनाकोशी यासुताकेने केलेले 26 ख्रिस्ती हुतात्मे आहेत, 1962 चे, ब्राँझमध्ये, एका ओळीत. हा फुनाकोशी कोतारोचं ते रोदॉंचं पुस्तक वाचूनच शिल्पाकडे वळला. 1597 मध्ये तिथे क्रुसावर चढवलेल्या त्या 26 जणांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया आहे. त्यांचे पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबतायत, आणि तरी सगळी ओळ वर चालल्यासारखी वाटते. मी फक्त फोटोत बघितलंय आणि फोटोत पाय नेहमी लहान येतात. गेलीस की जवळ जाऊन गोन्सालोच्या पायांचा फोटो काढून पाठव, चेहरा नको, घोट्यापासून खाली, बाजूने.

सर