लोकलचा घामही हिशेबात धर

अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक वाचूनच दमलो. पहाटे पाचला उठून नॅशनल पार्कात धावणं, मग बोरिवली-चर्चगेट फास्टमध्ये चेंगरणं, दुपारी एकपर्यंत पोटात काही नाही, रात्री साडेबारापर्यंत ऑफिसचे मेसेज. थोडा ताण पेशींना चांगला असतो हे तू वाचलंस, ते खरंच आहे. पण ताण संपल्यावर काय होतं, तो भाग वाचायचा राहिलेला दिसतो.

धावताना स्नायूंच्या पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात. पेशी त्यातून इशारा घेते, स्वतःची संरक्षक द्रव्यं वाढवते, नवे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी छोटी केंद्रं, तयार करते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात निरोगी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. काहींना रोज सी आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं ते गोळ्या न घेणाऱ्यांत! तो उपद्रव दाबला, तर फायदाही गेला. तेव्हा धावून आल्यावर ती फसफसणारी गोळी घेतेस ना, डॉक्टरांनी दिली नसेल तर राहू दे.

मात्र ही बांधणी व्हायला श्रम थांबावे लागतात. न थांबणारा ताण वेगळाच. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, एलिसा एपेल या अमेरिकेतल्या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दीर्घ आजारी मुलांना सांभाळणाऱ्या आयांचा अभ्यास केला. सांभाळण्याची वर्षं जितकी जास्त, तितकी त्यांच्या रक्तपेशींतली टेलोमियर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, आखूड आढळली. ही टोकं आखूड होणं म्हणजे पेशी म्हातारी होत चालल्याची खूण. त्या आयांना सुटी मिळत नव्हती. तुला मिळते, तू घेत नाहीस.

शरीर लोकलचा आणि धावण्याचा घाम वेगवेगळ्या वह्यांत लिहीत नाही. म्हणून आठवड्यात चारच दिवस धाव, त्यातला एकच दिवस दम लागेपर्यंत. ऑक्टोबरात अंतर निम्मं कर. आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि हृदयाला जास्त राबावं लागतं. धावलीस त्या दिवशी उपास नको, घरचे पोहे खाऊन नीघ. उठल्या उठल्या नाडी मोजत जा. ठोके नेहमीपेक्षा बरेच वाढलेले दिसले, तर त्या दिवशी बूट घालू नकोस.

आणि झोप सात तास. साडेबाराचा मेसेज सकाळी वाचलास म्हणून नोकरी जात नाही. जात असेल तर आपल्याला वेगळ्याच विषयावर बोलावं लागेल.

रविवारी घरी ये. आठच्या आधी नको.

तुझे सर