दहापर्यंतचं पार्किंग घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की सासरे हिवाळ्यात येतायत, तरुणपणी नागपुरात बास्केटबॉल खेळायचे, म्हणून त्यांना लॉरेन्सला नेऊन कान्सास विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा एक सामना दाखवायचाय. पुढे सहज विचारलंय, "सामना आठचा आहे, पार्किंग ॲपवर दहापर्यंतचं मिळतंय, दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे, तर शेवटची पाच मिनिटं सोडून निघालो तर चालेल ना?" हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. नाही चालणार. असंच वाक्य मी २०१७च्या फेब्रुवारीत बायकोला म्हटलं होतं, आणि माझे वडील त्यावरून आजही मला चिमटे काढतात.

तिकीट कुठून घ्यायचं, बॅग पारदर्शक हवी, फोन चार्ज करून न्या, हे वर बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मी ते सोडून देतो. आणि आधीच सांगतो, माझा हा अनुभव जुना आहे. नंतर कान्सासच्या मैदानाचं, म्हणजे ॲलन फील्डहाउसचं, नूतनीकरण झालं, आसनं बदलली, दर तर बदललेच असणार. त्यामुळे पैशांच्या बाबतीत माझं ऐकू नका. निघायच्या वेळेच्या बाबतीत मात्र ऐका.

आमचे बाबा सांगलीत कॉलेजच्या संघात गार्ड होते. मैदान मुरमाचं, रिंगला जाळी नाही, चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावरून भांडणं. त्यांचे पीटीचे सर मद्रासच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संस्था) कॉलेजातून शिकून आलेले. ते कॉलेज १९२० साली हॅरी बक नावाच्या अमेरिकन माणसाने काढलं, आणि हा खेळ जन्माला आला तोही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएतच. १८९१च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथने पीचच्या दोन टोपल्या कठड्याला ठोकल्या, तिथून सुरुवात. हे सगळं बाबांना तोंडपाठ. मला कान्सासातल्याच ओव्हरलँड पार्क शहरात राहून सहा वर्षं झाली होती, तरी तोच नेस्मिथ १८९८ साली कान्सास विद्यापीठात आला, तिथला पहिला प्रशिक्षक झाला आणि लॉरेन्समध्येच पुरला गेला, हे मला बाबांकडून कळलं. वर ते हसून म्हणाले, "आणि हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असा तिथला एकमेव प्रशिक्षक तोच. खेळ काढला त्याने, जिंकले दुसरे."

सासरे खेळलेले असतील तर दोन तास आधी जा आणि मैदानाला लागूनच असलेल्या डीब्रूस सेंटरमध्ये त्यांना आधी न्या. नेस्मिथने टाइप करून घेतलेले मूळ तेरा नियम तिथे काचेत लावलेत. २०१०च्या लिलावात डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्याने ते ४३ लाख डॉलर्सना घेतले आणि विद्यापीठाला दिले. बघायला पैसे पडत नाहीत. बाबा तिथे अर्धा तास उभे होते. चेंडू घेऊन पळायचं नाही, खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही. एकेक नियम मोठ्याने वाचून मराठीत समजावत होते, जणू मी कालच खेळायला उतरलोय. तेरावा वाचून म्हणाले, "बघ, बरोबरी झाली तर दोन्ही कप्तानांच्या संमतीने पुढचा गोल होईपर्यंत खेळ चालू ठेवायचा. म्हणजे हे यांनी पहिल्या दिवसापासून धरलेलंच होतं." मी घड्याळ बघत होतो. हे वाक्य पुढे आठवणार होतं, म्हणून तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

सामना वेस्ट व्हर्जिनियाशी, सोमवार, १३ फेब्रुवारी, रात्री आठ. तेव्हा तिथे १६,३०० माणसं मावायची, आणि त्या रात्री एकही जागा रिकामी दिसत नव्हती. बसायला तेव्हा बहुतेक लाकडी बाक होते, पाठ टेकायला काही नव्हतं. (सासऱ्यांची कंबर कशी आहे ते बघा. आम्ही सोफ्याची एक उशी नेली होती. दारावर तिला कोणी हटकलं नाही, पण तुम्हाला हटकलं तर मला बोल लावू नका.) उभं राहणं मात्र चुकत नाही. पुढचे उभे राहिले की तुम्हीही उभे.

सुरुवातीचं काहीही चुकवू नका. पाहुण्या संघाची नावं पुकारली जातात तेव्हा विद्यार्थी वर्तमानपत्रं तोंडासमोर धरून वाचत असल्याचं सोंग करतात, आणि आपला संघ आला की तेच पेपर फाडून हवेत उधळतात. बाबा म्हणाले, "आपल्याकडे रद्दीवाला किलोने पैसे देतो याचे." मग ते "रॉक चॉक, जेहॉक" (जेहॉक हे संघाचं टोपणनाव) सुरू होतं, अगदी संथ, लांबवलेल्या सुरात. कुणी ओरडत नाही, हजारो लोक एका दमात हळूहळू म्हणतात, आणि त्याने अंगावर काटा येतो तसा मला आरतीखेरीज कुठे आलेला नाही. ती घोषणा १८८६ची, रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने काढलेली, आणि त्यातला 'रॉक चॉक' म्हणजे विद्यापीठाच्या टेकडीतला चुनखडीचा दगड. हे सासऱ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे ओरडून सांगावं लागणार नाही. कारण तिथे ओरडूनही ऐकू येत नाही. त्याच रात्री तिथल्या गर्दीने १३०.४ डेसिबलचा गिनीज विक्रम केला, बंदिस्त जागेतल्या सर्वांत मोठ्या गर्जनेचा. बाबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "आता मला स्पष्ट ऐकू येतंय." सासऱ्यांना यंत्र असेल तर डबी बरोबर ठेवा. नसेल तर औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे घ्या, लहान मुलांसाठी तर नक्कीच.

आता मुद्द्यावर येतो.

मी पार्किंग एका ॲपवरून घेतलं होतं, संध्याकाळी सहा ते रात्री दहा. मैदानापासून दहा मिनिटांवर, एका घरामागची मोकळी जागा. माझं गणित साधं होतं. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, म्हणजे चाळीस मिनिटांचा खेळ, मध्ये विश्रांती. दोन तास म्हणजे ढीग झाले. इथेच मी फसलो. बास्केटबॉलचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळासारखं चालत नाही. फाउल झाला की थांबतं, चेंडू बाहेर गेला की थांबतं, टाइमआउटला थांबतं, आणि टीव्हीवर जाहिरातींसाठी वेगळं थांबतं. मध्यंतर झाली तेव्हा नऊ वाजून गेले होते.

ॲपमध्ये वेळ वाढवायचं बटण होतं, पण ते राखाडी. मग मदत केंद्राशी चॅट. (कंपनीचं नाव लिहीत नाही, मला कोणाशी वाद नको. आजही आहेत ते.) मी विचारलं, अर्धा तास जास्त थांबलो आणि त्याचे पैसे दिले तर चालेल का? उत्तर आलं, तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दहा मिनिटांनी दुसरं, आरक्षण सुरू झाल्यावर मुदत बदलता येत नाही. मी पुन्हा विचारलं, मग मी करू काय? त्यांनी तोच नियम पुन्हा चिकटवला, खाली एक ओळ वाढवून, की मुदतीनंतर उभी असलेली वाहनं मालकाच्या खर्चाने उचलून नेली जाऊ शकतात. फोन लावायला मी मार्गिकेत गेलो. तिथे मला ती बाई ऐकू येईना, तिला मी. दुसऱ्या डावाची पहिली आठ-दहा मिनिटं यात गेली. जागेच्या मालकाचा नंबर द्या म्हटलं, तर गोपनीयता. एका माणसाला एकदा 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं होतं, तेवढं झालं नाही. आपल्याकडे पार्किंगवाल्या काकांना दहाची नोट दिली असती तर त्यांनी गाडी धुवून ठेवली असती. असो, इथे चिडून उपयोग नाही, पण अजून चिडतो.

परत जागेवर आलो तर कान्सास मागे. वेस्ट व्हर्जिनिया तेव्हा पूर्ण मैदानभर अंगावर येऊन खेळायची, चेंडू पुढे नेऊच द्यायची नाही, आणि जानेवारीत त्यांनी आपल्या घरी कान्सासला हरवलंही होतं. त्यात नऊच दिवसांपूर्वी आयोवा स्टेटने इथे येऊन कान्सासची पन्नासच्या वर सामन्यांची घरची विजयमालिका तोडलेली. लोकांचे चेहरे उतरले होते. तीन मिनिटं उरली आणि फलक होता ६४-५०. चौदा गुणांनी मागे. मनगटावर दहाला दहा कमी. आजूबाजूचे काही लोक उठायला लागले, आणि मला तेवढंच निमित्त हवं होतं. बाबा म्हणाले, "थांब की, अजून तीन मिनिटं आहेत." मी म्हटलं, "बाबा, चौदा गुण आहेत. आणि गाडी उचलतील."

ते काही बोलले नाहीत. उशी काखोटीला मारली आणि माझ्यामागे आले.

तीन मिनिटांत चौदा गुण कसे निघतात, हे सासऱ्यांना ठाऊक असेल, बाबांनाही होतं. लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, म्हणजे पाच तशा बसल्या की झालं. मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो, कारण त्याने घड्याळ थांबतं. समोरच्याला फ्री थ्रो, म्हणजे न अडवता मारायची संधी मिळते, आणि ते बसोत वा चुकोत, चेंडू बहुतेकदा पुन्हा तुमच्याकडे. म्हणून शेवटची तीन मिनिटं मनगटावर पंधरा-वीस होतात. मी ज्याला 'संपत आलं' समजून उठलो, तो सामन्याचा सर्वांत लांब भाग होता.

बाहेर कडाक्याची थंडी. बाबांनी कानटोपी घालायच्या आधी यंत्र कानात लावलं आणि रस्त्यातच थांबले. "काहीतरी झालं." मला काही कळलं नव्हतं. मग दुसरी गर्जना आली ती मलाही ऐकू आली, थिएटरच्या बंद दारातून येते तशी, घुमलेली. मी म्हटलं, चला, थंडी आहे. तिसरी आली तेव्हा आम्ही गाडीजवळ होतो.

पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. साखळी जमिनीवर पडलेली. अकरा गाड्या उभ्या होत्या, मी मोजल्या, आणि त्यांतली एकही हलण्याच्या बेतात नव्हती. रेडिओ लावला. बरोबरी, ७१-७१. बाबा म्हणाले, "तेरावा नियम." मी परत पळत जाऊया म्हटलं, तर ते म्हणाले, "एकदा बाहेर पडलेल्याला आत घेणार नाहीत, आणि माझे गुडघे पळणार नाहीत." मग आम्ही दोघांनी हीटर लावून, काचा थोड्या खाली करून, मैदानापासून दहा मिनिटांवर बसून जादा वेळेची पाच मिनिटं रेडिओवर ऐकली. आधी खिडकीतून गर्जना यायची, आणि रेडिओवाला मागून सांगायचा काय झालं ते. कान्सास ८४-८०. कान्सासच्या फ्रँक मेसनचे २४ गुण. त्यातले शेवटचे कसे आले, ते मी नंतर यूट्यूबवर पाहिलं, तुम्हीही पाहू शकता. ते पाहायला लॉरेन्सला जावं लागत नाही.

गाडी कोणी उचलली नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, सेवा पूर्णपणे वापरली गेली आहे.

तर आता तुमच्यासाठी. (मी काही यातला जाणकार नाही, फक्त भाजलेला आहे.) पार्किंग किमान बारापर्यंतचं घ्या किंवा वेळेची अट नसलेलं घ्या, दहा-पंधरा डॉलर जास्त गेले तरी. दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग असेल तर ती आजच पुढे ढकला. के-टेनवर (लॉरेन्सहून परतायचा महामार्ग) गर्दी होते हे खरं, पण लोक एकदम सुटतात म्हणून, आणि ती अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. तेवढा वेळ आत बसून राहा. जिंकल्यावर सगळे हात वर करून गव्हासारखे डोलतात, ते शांतपणे बघायला मिळेल, मला मिळालं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत विद्यार्थी घरी जातात, तेव्हा लहान संघांविरुद्धची तिकिटं मोठ्या सामन्यांच्या मानाने सहज मिळतात. पण मोठा सामना परवडत असेल तर मोठाच दाखवा, लहान सामन्यात आवाज अर्धा. याबाबतीत इथे बरेच जण माझ्याशी सहमत नसतील, चालेल.

अवांतर: ऑक्टोबरात हंगामाच्या सुरुवातीला तिथे एक रात्रीचा कार्यक्रम असतो, त्यात संघ बघायला मिळतो. मुलांना तो जास्त आवडेल. पण सासऱ्यांना तो नको. खेळलेल्या माणसाला फलकावर आकडे लागतात.

बाबा सांगलीला परत गेले त्याला काही वर्षं झाली. रोज सकाळी गणपती मंदिराच्या बाजूला फिरायला जातात, तिथे त्यांचे जुने खेळाडू मित्र भेटतात. एकदा मी व्हिडिओ कॉलवर असताना ते त्यांना हा सामना सांगत होते. सगळं बरोबर सांगत होते, ६४-५०, मेसन, जादा वेळ, ८४-८०, लोक कसे नाचत होते, पेपर कसे उधळले. पार्किंगचा शब्दही नाही. एकाने विचारलं, "आणि तुम्ही कुठे बसला होतात?" बाबांनी फोनमध्ये माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगदी जवळ."