हयात आजीचं नाव पणतीला द्यावं का?

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली सून. मला मुलगी झालीय, बारसं अजून व्हायचंय. मिस्टरांना तिचं नाव 'मैना' ठेवायचं आहे. हे त्यांच्या आजीचं माहेरचं लाडाचं नाव. आजेसासूबाई 87 वर्षांच्या आहेत, हिंडत्याफिरत्या आहेत. त्यांना मैना म्हणणारा त्यांचा एकच भाऊ उरला होता, तोही मागे वारला. सासूबाई म्हणतात, जित्या माणसाचं नाव दिलं की त्याचं आयुष्य घटतं. मिस्टर म्हणतात, इंग्लंडच्या राणीचं नाव तिच्या हयातीतच पणतीला दिलं, मग आपल्यालाच काय झालं? तिकडे लोक काय म्हणाले होते? आणि आम्ही काय करावं?

उत्तर : मिस्टरांनी सांगितलेलं उदाहरण खरं आहे, आणि तुमच्या घराला तर ते फारच लागू पडतं.

राणी एलिझाबेथचा नातू प्रिन्स हॅरी आणि त्याची बायको मेगन यांची मुलगी 4 जून 2021 रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बराला जन्मली. तिचं नाव ठेवलं लिलिबेट डायना. त्यातली डायना म्हणजे हॅरीची आई, 1997 साली अपघातात गेलेली. लिलिबेट मात्र राणी एलिझाबेथचं घरातलं नाव. लहानपणी तिला स्वतःचं नाव नीट म्हणता येत नव्हतं, ती जे काही बोबडं बोलायची तेच घरच्यांनी उचललं. तिचे आजोबा, राजे पाचवे जॉर्ज, तिला तसंच म्हणत. पुढे नवरा फिलिपही त्याच नावाने हाक मारायचा. फिलिप 9 एप्रिल 2021 ला गेले आणि दोन महिन्यांच्या आत ते नाव पणतीला मिळालं.

यावर लोकांत सरळ दोन तट पडले. काहींना ते गोड वाटलं. नातू दूर देशी गेला, घरच्यांशी बिनसलं, तरी आजीला धरून राहिला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे लोक खरोखर दुखावले होते. एलिझाबेथ हे नाव नाण्यावर होतं, सगळ्या देशाचं होतं. तेच 2015 साली हॅरीचा थोरला भाऊ विल्यम याच्या लेकीला, शार्लटला मधलं नाव म्हणून दिलं, तेव्हा वाद झाला नाही. पण लिलिबेट हे त्या बाईचं एवढंसं खासगी होतं, नवऱ्याच्या तोंडचं. ते जगजाहीर का केलं, असा त्यांचा सवाल. मग बीबीसीने राजवाड्यातल्या सूत्राच्या हवाल्याने बातमी दिली की राणीला विचारलंच नव्हतं. हॅरीच्या बाजूने सांगण्यात आलं की नाव जाहीर करण्याआधी त्याने पहिला फोन आजीलाच केला होता, तिची साथ नसती तर हे नाव ठेवलंच नसतं.

बघा, एवढ्या गदारोळात खरी भांडणाची गोष्ट कोणती निघाली? विचारलं होतं की नव्हतं! माझंही मत तिथेच येऊन थांबतं. गेलेल्या माणसाचं नाव आपण आपल्या मनाने देतो, कारण विचारायला तो नसतो. हयात माणसाला विचारता येतं. ही सोय असताना ती न वापरणं मला पटत नाही.

आता सासूबाईंच्या भीतीबद्दल. ती हसण्यावारी नेऊ नका, त्या आपल्या सासूच्या काळजीनेच बोलताहेत. पण त्यांना एक सांगा. 1926 साली जन्मलेल्या त्या राणीलाच मुळी हयात आईचं नाव दिलं होतं. आईही एलिझाबेथ, लेकही एलिझाबेथ. ती आई 2002 साली वारली, वयाच्या 101 व्या वर्षी! राणी स्वतः पणतीच्या जन्मानंतर सव्वा वर्षाने, सप्टेंबर 2022 मध्ये गेली, तेव्हा 96 वर्षांची होती. त्या वयात जाण्याचं खापर बाळाच्या नावावर फोडणं हा बाळावर अन्याय आहे. स्पेनच्या राजघराण्यात 2007 साली धाकट्या नातीचं नाव सोफिया ठेवलं, ते तिच्या हयात आजीचंच. आजी पुढे कित्येक वर्षं सार्वजनिक कार्यक्रमांत दिसत राहिल्या. ही आजी मूळची ग्रीसची, आणि ग्रीक लोकांत नातवंडांना हयात आजी-आजोबांचं नाव देणं हा मानच समजतात. उलट युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये जिवंत नातलगाचं नाव टाळतात, अगदी तुमच्या सासूबाईंसारखं.

आपल्याकडे माझ्या मते आयुष्यापेक्षा जिभेची अडचण मोठी होती. माझ्या आजीच्या सासऱ्यांचं नाव दगडू. तिने जन्मभर दगड हा शब्द तोंडातून काढला नाही. चूल मांडायला लागो की दार अडवायला, 'धोंडा आण' म्हणायची. अशा घरात नातवाला दगडू म्हणून हाक कोण मारणार, आणि खोडी केली तर रागावणार कोण? म्हणून वडीलधारा गेल्यावरच त्याचं नाव मोकळं व्हायचं. मग 'आजोबा परत आले' म्हणत बाळाला उचलायचे.

मोठ्या घराण्यांतही हेच दिसतं. शिवरायांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले, त्यानंतर 1657 साली जन्मलेल्या पुत्राला संभाजी हे नाव मिळालं. 1682 साली शंभूराजांना मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजी. महाराज जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाळाजी विश्वनाथ पेशवे एप्रिल 1720 मध्ये वारले आणि त्याच डिसेंबरात बाजीरावांच्या मुलाचं नाव बाळाजी ठेवलं गेलं. पण त्या बाळाजीला आपण नानासाहेब म्हणूनच ओळखतो, आणि शंभूराजांच्या शिवाजीला शाहू महाराज म्हणून. पाळण्यातलं नाव एक, हाकेचं दुसरं. तुम्हाला उद्या 'मैने, अभ्यास कर' म्हणून ओरडताना अवघडल्यासारखं होणार असेल, तर हा मार्ग खुला आहे. लिलिबेटलाही घरी लिली म्हणतात.

तर असं करा. मिस्टरांनी एकट्याने आजीजवळ बसावं, घरातल्या सगळ्यांसमोर नको. चारचौघांत म्हातारं माणूस नाही म्हणत नाही. बोलणंही आपल्या घरच्या बोलीत होऊ द्या : 'मोठी माय, तुन्हं मैना नाव आंडेरले (लेकीला) देऊ का?' आणि मग गप्प बसावं, त्यांना वेळ द्यावा. भावाच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं तर ते होकाराचंच असेल असं धरून चालू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. 'मी गेल्यावर ठेवा' म्हणाल्या तर ते ऐका. हो म्हणाल्या तर बारशाला त्यांना पाळण्याजवळ पाटावर बसवा. कानात कुर्र करण्याचा मान आत्याचा, तो आत्यालाच राहू द्या, पण नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारायचं ते आजींनी. सासूबाईंनाही त्यात घ्या. आपल्या सासूच्याच तोंडून नाव ऐकलं की त्यांची धास्ती बरीच उतरेल, असं मला वाटतं.

प्रश्न : मी शहाद्याजवळचा शेतकरी, वय 74. मुलाने नातवाला माझं नाव दिलं, मला न विचारता. लोक अभिनंदन करतात, पण मला बरं वाटत नाही. बोलू का?

उत्तर : बोला, दादा. आणि लवकर बोला, मनात ठेवू नका. मुलाला वाटलं असेल की वडील खूश होतील. तुम्हाला वाटतंय ते त्याला कळलेलंच नाही. आधी एवढंच विचारा की जन्मनोंदीत बाळाचं नाव लागलंय का. नोंद नावाशिवायही होते आणि नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं, उशीर झाला तर पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नाव अजून लागलं नसेल तर बदलायला काहीच अडचण नाही. लागून गेलं असेल तर मात्र तिथे हट्ट धरू नका, दाखल्यातल्या बदलाचा त्रास पोराला शाळेपर्यंत होत राहतो. घरात हाक मारायचं नाव तुम्ही निवडा आणि मुलाला सांगा की हे माझ्याकडून.