शिंगात शेण भरलेली वाईन प्यायची का?

प्रश्न : दादा, आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. भाचा फ्रान्सला शिकतो, त्याने पर्पिन्याँकडची पांढरी वाईन आणली, लेबलवर जुन्या वेलींची आणि बायोडायनॅमिक असं लिहिलंय. तो म्हणतो तिथे गायीच्या शिंगात शेण भरून पुरतात. आम्ही तर पंधराएक वर्षांत बाग काढून टाकतो, मग म्हाताऱ्या वेलींचं एवढं काय कौतुक? आणि बाटलीच्या तळाला साखरेसारखे खडे दिसतायत, खराब झाली का?

उत्तर : खडे द्राक्षातल्याच टार्टारिक ॲसिडच्या क्षाराचे आहेत, थंडाव्यात खाली बसतात, बिनधास्त प्या.

शिंगाचं म्हणाल तर ते खरंय. रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने १९२४ साली शेतीवर व्याख्यानं दिली, तिथून ही बायोडायनॅमिक शेती सुरू झाली. शिंग थंडीभर जमिनीत ठेवायचं, वसंतात काढायचं, त्यातलं शेण हेक्टरी शंभरेक ग्रॅम घेऊन पाण्यात तासभर ढवळून मातीवर शिंपडायचं. त्याने वाईन सुधारते असं चाचण्यांत ठोस काही निघालेलं नाही आणि मलाही पटत नाही. पण हे करणारा माणूस बागेत सारखा फिरतो, त्याचा फायदा होतच असणार. बाकी डावणीला, म्हणजे ओल्या पानांवरच्या बुरशीला, तेही मोरचूद-चुनाच मारतात बरं का, फक्त युरोपच्या नियमाने मोरचुदातलं तांबं सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या आत बसवावं लागतं, आणि त्यांना ते जमतं कारण तिथे त्रामोंतान नावाचा कोरडा वारा असा सुटतो की पानं ओली राहतच नाहीत, आपल्यासारखं छाटणीनंतर पाऊस आला की रात्रभर जीव टांगणीला असं नाही.

कौतुक करायचंच तर वेलींचं करा. पर्पिन्याँभोवतीच्या रूसियों भागात माकाब्यू, ग्रनाश ग्री असल्या जातींचे ५०-६० वर्षांचे वेल अजून उभे आहेत, तारेशिवाय, झुडपासारखे, खडकाळ उतारावर. घड मोजकेच लागतात पण रस दाट. त्यांना थंडीत सक्तीची झोप मिळते, आपल्याकडे एप्रिल-ऑक्टोबर दोन छाटण्या, वेल थकणारच, त्यात तुमचा काय दोष. तिकडेही सगळे टिकले नाहीत, वाईन फार झाली म्हणून युरोपने वेल उपटायला अनुदान दिलं आणि आधी गेले ते असलेच कमी पिकणारे. फक्त एक, 'जुने वेल' म्हणायला किती वय हवं हे फ्रेंच कायद्यात कुठेच नाही, त्यामुळे भाच्याला म्हणावं बागेचं वय विचारून ये.

पिताना फार गार नको, फ्रीजमधून काढून पंधरावीस मिनिटं ठेवा. सोबत पापलेट, मसाला बेताचा.