क्राऊन बदलायचा विचार असेल तर आधी टायर मोजा

प्रश्न : काका, माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. साठच्या पुढे गेलं की मागून हूंऽऽ असा आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद होतो. तुर्भ्याचे एक मिस्त्री म्हणतात, हाउसिंग (मागच्या चाकांमधली गिअरची पेटी) उघडतोच आहोत तर 5.38 चा क्राऊन (तिच्यातला मोठा गिअर; चाकाच्या एका फेरीला इंजिनकडून येणारा शाफ्ट 5.38 वेळा फिरतो) काढून 4.88 चा टाकू, हायवेला गाडी पळेल. खर्च वाचवायला फक्त मागचा बदलला तर चालेल का? रोजचा रस्ता ठाणे-बेलापूर, अधूनमधून माळशेज आणि नाणेघाटाकडे जातो. टायर 215/75 आर 15.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : फक्त मागचा बदललेला चालणार नाही. मिस्त्रींनी हे तुम्हाला आपणहून सांगायला हवं होतं. फोर व्हीलचा दांडा टाकला की तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. मग एका बाजूला 5.38 आणि दुसऱ्या बाजूला 4.88 असेल तर दोन अ‍ॅक्सल दहा टक्के वेगळ्या चालीने फिरायला बघतात. चिखलात टायर घसरून ते जिरतं. कोरड्या खडकावर मात्र टायर घसरत नाही, तिथे शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो नाहीतर ट्रान्सफरचा दात उडतो. म्हणजे नाणेघाटाच्या वाटेवर, सगळ्यांत नको त्या जागी. बदलायचेच तर दोन्ही बदला, म्हणजे खर्चही दुप्पट.

आता बदलायचे का, ते बघू. आधी तुमच्या गाडीत खरंच 5.38 आहे का, ते तपासा. जुन्या जीपच्या हाउसिंगमध्ये आजवर कोणी काय घातलंय ते देव जाणे. पुढच्या चाकांना ओंडके लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या. उचललेलं चाक हाताने बरोबर दोनदा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर (हाउसिंगकडे येणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजा. पाचव्या फेरीला थोडं कमी पडलं तर 4.88 (क्राऊनला 39 दात, त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरला, म्हणजे टेल पिनियनला, 8), पाचाच्या पुढे आणखी एक तृतीयांश फेरी गेली तर 5.38 (43 ला 8 दात). दोनदा का, तर एक चाक अडलं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या चालीने फिरू देणारी गिअरची जुळणी) मोकळ्या चाकाला दुप्पट फिरवतं.

पुढचा हिशेब वहीत मांडा. 215/75 आर 15 चा घेर साधारण 2.2 मीटर. ताशी 80 ला चाक मिनिटाला सुमारे 606 वेळा फिरतं. टॉप गिअर सरळ असतो (इंजिनची एक फेरी, शाफ्टचीही एक), त्यामुळे 5.38 वर इंजिन 3260 च्या आसपास फिरणार, 4.88 वर 2955. फरक तीनशेचा. आता क्राऊनला हात न लावता 235/75 चे टायर कल्पून बघा. घेर 2.3 मीटर, इंजिन 3115. निम्मं काम नुसत्या टायरने झालं! अर्थात टायर मडगार्डला घासतात का, ते स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, आणि मापातला बदल आरटीओच्या नियमात बसतो का, ते आधी विचारा.

टायर आणि क्राऊन दोन्ही बदललेत तर 2825. कागदावर छान दिसतं. पण माळशेजच्या चढाला तुमचं जुनं डिझेल चौथ्यात दम टाकेल आणि तुम्ही तिसऱ्यातच अडकाल. शिवाय लो गिअरमध्ये दगडांवरून हळू उतरण्याची ताकदही दहा टक्क्यांनी गेली. ठाणे-बेलापूर रोडवर सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्या माणसाला तीनशे आरपीएम वाचवून काय मिळणार? माझं मत स्पष्ट आहे : 5.38 राहू द्या. उद्या तुम्ही दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करायला लागलात तर पुन्हा लिहा. आणि तरीही नुसता क्राऊन बदललात तर लक्षात ठेवा, स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते. मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 66 ने पळत असेल.

राहिला आवाज. तो रेशो (5.38 चा 4.88) बदलून जात नाही. लोड दिल्यावरच येतो, म्हणजे एकतर दातांची ओढणारी बाजू झिजलीय किंवा टेल पिनियनचं बेअरिंग ढिलं झालंय. शाफ्ट सोडवा, टेल पिनियनची फ्लँज धरून वर-खाली हलवा. हलली तर बेअरिंग गेलं. तेलाची पातळीही बघा, कित्येकदा तिथेच घोडं पेंड खातं. (फक्त वळणावर आवाज आला असता तर स्टार पिनियनवर (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरवर) संशय घेतला असता. सतत घरघर आणि वळणावर कमी-जास्त होत असती तर व्हील बेअरिंगवर.)

हाउसिंग उघडाल त्या दिवशी रजा घ्या आणि शेजारी उभे राहा. दोन्ही बेअरिंग कॅपांवर पंचाने खुणा झाल्या पाहिजेत, डावी-उजवी बदलायची नाही. क्राऊन आणि टेल पिनियन जोडीनेच घासून तयार होतात, दोन्हींवर कोरलेला नंबर जुळलाच पाहिजे. मोडबाजारातून एकटा क्राऊन आणणारा मिस्त्री असेल तर नमस्कार करून निघा. मग शेंदूर, दात कुठे टेकतात ते बघायला. तेलात कालवून क्राऊनच्या काही दातांना लावायचा, क्राऊन हाताने थोडा अडवून टेल पिनियन फिरवायचा. ठसा दाताच्या मधोमध हवा. शेंड्याकडे उमटला तर टेल पिनियनच्या आतल्या बेअरिंगमागची शिम (पातळ चकती) वाढवायची, मुळाशी उमटला तर कमी करायची. दरवेळी पुन्हा खोलायचं, बेअरिंग ओढायचं, पुन्हा बसवायचं. मजुरी या कंटाळवाण्या कामाची असते, ती घासाघीस न करता द्या. लॅश (दातांमधली मोकळी चाल) डायल गेजवर बघायची, मिलिमीटरचे 15 ते 20 शतांश. बोटाने हलवून “बरोबर आहे” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शेंदरात शिसं असतं, हात धुऊनच चहा घ्या.

नवी जोडी घातलीत तर पहिल्यांदा वीस मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या. पहिले 800 किलोमीटर ओझं नको, घाट नको. मग तेल बदला.

प्रश्न : पावसात वंदना टॉकीजजवळ पिकअप अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात गेली होती. आता हाउसिंगचं तेल दुधाळ निघालं. सील तर नवीनच आहेत.
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : हाउसिंगच्या वर ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) असतो, बोटभर टोपीचा. मातीने बुजला असणार. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठावरून पाणी ओढून घेते. सील नवी असो वा जुनी. तेल ताबडतोब काढा. नवं घालून आठवडाभर चालवा, पुन्हा दुधाळ दिसलं तर पुन्हा बदला. उशीर केलात तर बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात, मग वरच्या वाचकासारखं पत्र लिहावं लागेल. ब्रीदरला रबरी नळी जोडून चासीच्या वर नेऊन बांधा.

प्रश्न : डिफरन्शियल वाजतंय म्हणून 90 ऐवजी 140 नंबरचं (जास्त घट्ट) तेल घातलं तर?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आवाज थोडा दबेल, झीज चालूच राहील. गाडी विकणारे हेच करतात. 80डब्ल्यू-90, जीएल-5 प्रतीचं गिअर ऑइल घाला. उरलेला डबा मात्र गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या जुन्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) जीएल-5 मानवत नाही.