माझ्याच पेशी माझ्यावर उलटल्या का?

स्टेंट बसवलेले एक पन्नाशीतले गृहस्थ पत्नीसोबत आले होते. बसता बसताच म्हणाले, "मॅडम, धमन्या माझ्याच प्रतिकारपेशींनी बिघडवल्या असं वाचलं. शरीरच उलटलं, तर गोळ्या घेऊन काय होणार?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, आणि त्यामागची भीती खरी असते.

त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. सीआरपीच्या, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाच्या, ११.८ या आकड्याभोवती लाल पेनाने इतके गोल काढले होते, की कागद फाटायला आला होता.

त्याच कागदाच्या पाठीवर मी धमनी काढली. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण तिच्या अस्तराखाली अडकतात आणि तिथेच खराब होतात. मग अस्तराच्या पेशी चिकट प्रथिनं बाहेर काढतात. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटून थबकतात, आत शिरतात, मॅक्रोफेज होतात आणि ते कण गिळत सुटतात. साफसफाई हेच त्यांचं काम. पण माल येतच राहतो. चरबीने फुगून त्या फेसाळ दिसू लागतात, पुष्कळशा तिथेच मरतात आणि त्यांचाही गाळ साचून गाठ होते. मदतीला आलेल्या टी-पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन सोडतात. त्यामुळे गाठीवरचं कोलॅजन या चिवट प्रथिनाचं आवरण नव्याने विणलं जात नाही, आणि मॅक्रोफेजची विकरं आहे ते विरघळवतात. पातळ झालेलं आवरण फाटलं, की रक्ताची गुठळी होते. बऱ्याचशा हार्ट अटॅकचं मूळ हेच.

"म्हणजे फितूर नाहीत त्या," ते हळूच म्हणाले. नाहीतच. न संपणाऱ्या कामाला जुंपल्यात.

आकड्याचं उत्तर सोपं निघालं. तपासणीच्या आठवड्यात त्यांना ताप-सर्दी होती. सीआरपी यकृतात तयार होतं, आयएल-६ या प्रथिनाच्या निरोपावरून. कुठेही दाह असला तरी ते वाढतं. १०च्या वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा आणि बरं वाटल्यावर पुन्हा तपासायचं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी तपासलं, तेव्हा १.९ आलं.

पत्नीने विचारलं, प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर द्यावी का? मी नको म्हटलं. इथे शक्ती कमी पडलेलीच नाही.

मग खरी गोष्ट बाहेर आली. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं' म्हणून ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, एक दिवसाआड घेत होते. हे ऐकून माझा जीव खालीवर झाला. स्टॅटिन अडकणारा मालही कमी करतं आणि दाहही. मी त्यांना २०१७ सालच्या कॅन्टोस चाचणीबद्दल सांगितलं. आधी अटॅक येऊन गेलेल्या सुमारे १०,००० जणांमध्ये कॅनाकिनुमॅब या औषधाने आयएल-१ बीटा हे एकच दाहकारक प्रथिन अडवलं होतं. एलडीएल होतं तेवढंच राहिलं, तरी मधल्या मात्रेवर अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. म्हणून या पेशींना सरसकट गप्प करून चालत नाही. त्यांच्या पुढ्यात पडणारा माल कमी करावा लागतो. सिगारेटने तर अस्तरच दुखावतं.

त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून चुकलेल्या गोळ्यांचं सांगितलं. पुढच्या भेटीत विचारलं, "ते कोल्चिसिन मला चालेल का?" दाह कमी करणारं हे औषध अटॅकनंतर काही जणांना कमी मात्रेत देतात. पण त्यांची किडनी आणि बाकीची औषधं बघूनच ते ठरणार होतं, म्हणून तो प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांसाठी त्यांच्या हातात दिला.