आर्मान्याक हे फ्रेंच विमान इतक्या लवकर का निकालात निघालं?

तुमचा प्रश्न आहे की महायुद्धानंतर फ्रान्सने बांधलेलं चार इंजिनांचं एवढं अवाढव्य आर्मान्याक जेमतेम नऊच का बनलं.

मी मोटारसायकलचं गॅरेज चालवतो, त्यामुळे माझा पहिला संशय इंजिनांवर. प्रॅट अँड व्हिटनीची वास्प मेजर होती ती. एकेकात २८ सिलिंडर, सात-सातच्या चार रांगा एकामागे एक, किंचित पीळ देऊन बसवलेल्या. अमेरिकन मेकॅनिक त्याला मक्याचं कणीसच म्हणत. दर सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका विमानाला २२४! इथे एका बुलेटचा प्लग काळा पडला तरी माझी सकाळ जाते. पण हीच इंजिनं बोइंगच्या स्ट्रॅटोक्रूझरलाही होती आणि ते कुरकुरत का होईना, बरीच वर्षं चाललं.

खरी गोम छतात होती. प्रवाशांना झोपवून नेता यावं म्हणून केबिन उंच केली होती. आपल्या स्लीपर डब्यासारखे एकावर एक बर्थ. बर्थ काढून खुर्च्या टाकल्या की डोक्यावर नुसती रिकामी हवा, आणि ती वाहायलाही पेट्रोल लागतंच की! वर पल्ला सुमारे ५,००० किलोमीटर. पॅरिसहून न्यूयॉर्कला एका दमात जायला तो अपुरा. एअर फ्रान्सकडे कॉन्स्टेलेशन ही अमेरिकन विमानं होतीच, त्यांनी नकार दिला.

पहिलं उड्डाण २ एप्रिल १९४९ चं, तुलूजहून, आणि पुढच्याच वर्षी तो नमुना अपघातात गेला. टीएआय या खासगी कंपनीने १९५२ च्या अखेरीस काही विमानं घेतली, पण खर्च झेपेना. वर्षाच्या आत सोडून दिली.

मग कामाला आलं ते इंडोचायनाचं, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागातलं फ्रान्सचं युद्ध. १९५३ मध्ये सॅजेटा नावाची कंपनी काढून हीच विमानं तुलूज ते सायगाव, बैरुत-कराची असे थांबे घेत, फिरवली. जाताना सैनिक, येताना जखमी. इथे एका खेपेत किती माणसं मावतात हाच हिशेब होता, आणि त्यात हे धूड बसलं. फ्रान्स तिथून निघाल्यावर तेही काम सरलं.

आर्मान्याकचं पहिलं उड्डाण करणारे वैमानिक पिएर नादो यांनी १९५५ मध्ये त्याच तुलूजहून कॅराव्हेल हे जेट विमान उडवलं. ते विमान पुढे आपल्या इंडियन एअरलाइन्सनेही घेतलं.